बिजागरी

दहाला मी औषधांचं दुकान अर्धं बंद करते,
म्हणजे शटर कमरेपर्यंत,
आणि रामबागेतली ही चार डोकी
पायरीवर येऊन बसतात, भांडायला.

विषय जुनाच. सगळ्यांत विनोदी दहा सिनेमे.
यादी माझ्या पॅडवर. वर खोकल्याच्या औषधाची जाहिरात,
खाली आकडे, खाडाखोड,
आणि चहाच्या कपाचा गोल डाग,
जो मागच्या दिवाळीत सहाव्या नंबरावर पडला.
तिथलं नाव आता कुणालाच वाचता येत नाही,
तरी ते काढायचं नाही, असं ठरलंय.

नावं तशीही कोणी घेत नाही.
"तो रे, चार भावांत एक कोट."
"तो, ज्यात म्हातारा स्वतःच्याच तेराव्याला जेवतो,
वर म्हणतो, कढी आंबट झाली."
मुळे सर म्हणतात, पडणं म्हणजे विनोद नव्हे.
तांबट म्हणतो, सर, तुम्ही एकदा पडून तर बघा,
मग आम्ही सांगतो.
वृंदा गणपुले एलआयसीतून निवृत्त झाली,
ती दर दहा मिनिटांना किती हसलो ते मांडते
आणि हातचा एक धरते.
गेंदालाल सोड्याच्या क्रेटवर गप्प.
सराफ्यात जाऊ, सराफ्यात जाऊ,
म्हणतात सगळे, उठत कोणी नाही.

काल मला विचारलं. तुझा पहिला कोणता?

मी म्हटलं, मी सिनेमे पाहिलेलेच नाहीत.
आमचं घर टॉकीजच्या पाठीला पाठ लावून.
संवाद येत नसत. विटांतून यायचं ते फक्त हसू,
जाडंभरडं, दाणेदार,
मांडणीवरचे पेले किणकिणायचे.
आई घड्याळ बघायचीच नाही.
"मोठं हसू झालं गं, कुकर लाव."
सात चाळीसचं मोठं हसू,
एकवीस आठवडे, एकदाही चुकलं नाही.

लग्नानंतर कॅसेट आणून पाहिला तो सिनेमा.
माणसं बोलायच्या आधीच मी हसत होते,
नवरा थोडा घाबरला.
मग आली ती जागा.
पडद्यावर एक माणूस दार लावतो.
लावतो आणि जातो.
कोणी पडत नाही. कोणी काही म्हणत नाही.
कॅसेट मागे नेली. परत दार.
तेव्हापासून मला वाटतंय,
अख्ख्या इंदूरला कळलेला विनोद
मला एकटीलाच कळला नाही.

गेंदालालने बाटली खाली ठेवली.
"भेनजी, वो तो अपन थे."

टॉकीजचा दारवान होता तो, हे आम्हाला ठाऊक.
हे ठाऊक नव्हतं, की बाजूच्या दाराची बिजागरी करकरायची
आणि तेलाच्या पैशांचा तो चहा पीत असे.
पहिल्या दिवशी चुकून झालं.
तिकडे त्या माणसाने दार ओढलं, इकडे याने.
कर्र्र्र... खट्.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम.
तिसऱ्या आठवड्यात लोक पडदा सोडून
माना वळवून बसायला लागले.
बाविसाव्यात मालकाने नवी बिजागरी बसवली.
शुक्रवारी सिनेमा उतरला.

कोणी हसलं नाही.
मग मुळे सर, "धरायचा का हा?"
वृंदा म्हणाली, दार सिनेमात नाही, बाद.
तांबट म्हणाला, सिनेमाच दारात होता, बाई!
एक वाजला. कुत्रीसुद्धा कंटाळली.
पहिल्या नंबरावर मी सिनेमा लिहिला, खोडला,
गेंदालाल लिहिलं.
त्याने मान हलवली.
"मेरा नी, कब्जे का लिखो."

उठले सगळे, चपला सापडल्या,
पण घरी जाईना कोणी.
चौघं माझ्या हाताकडे बघत उभे.

शटरला तेल
मीही कधी घातलेलं नाही.